विरोध नोंदवून घ्या

२०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यातल्या पिकांचा विमा उतरवायला कोणतीही कंपनी तयार नव्हती. निविदा निघाल्या, मुदती संपल्या, पुन्हा निविदा निघाल्या. बोली लावायला कोणी पुढे आले नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होते. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर आहे. एखाद्या वर्षी पाऊस ऐन वाढीच्या दिवसांत उघडीप देतो, तर एखाद्या वर्षी काढणीला आलेले सोयाबीन भिजवतो. भरपाईची रक्कम विमा हप्त्याच्या पुढे जाते आणि कंपनीच्या हिशेबात बीड म्हणजे तोटा, असे समीकरण बसून जाते.

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ पासून देशभर सुरू होती. तिचे नियम केंद्राने ठरवलेले होते. नियम आपल्या मातीत चालत नाहीत हे दिसल्यावर राज्यापुढे दोन सोपे रस्ते होते. एक, गप्प बसायचे आणि शेतकऱ्याला विम्याविना सोडायचे. दोन, योजनेतून बाहेर पडायचे. बिहार आणि पश्चिम बंगाल आधीच बाहेर पडले होते, गुजरातने त्याच वर्षी तो निर्णय घेतला. महाराष्ट्राने तिसरा रस्ता धरला. योजनेत राहून योजनेच्या रचनेलाच हरकत घेतली आणि हरकतीसोबत नवी मांडणीही दिली. भारतीय कृषी विमा कंपनी ही सरकारी कंपनी त्या मांडणीवर बीडमध्ये काम करायला तयार झाली. पुढे राज्यभर तिला ‘बीड पॅटर्न’ हे नाव पडले.

मांडणी अशी होती. समजा, विमा हप्त्यापोटी एकूण १०० रुपये जमा झाले. नुकसान मोठे होऊन भरपाई १५० रुपयांवर गेली, तर कंपनीने ११० रुपये द्यायचे आणि वरचे ४० राज्य सरकारने सोसायचे. उलट हंगाम चांगला जाऊन भरपाई ४० रुपयांतच भागली, तर उरलेल्या ६० पैकी कंपनीने २० ठेवायचे आणि ४० सरकारला परत करायचे. कंपनीच्या तोट्याला वरून मर्यादा आली, तशी नफ्यालाही. म्हणून याला ८०-११० चे सूत्र म्हणतात.

या हरकतीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ४० रुपयांचा बोजा. “तुमचा नियम चुकीचा आहे” एवढे म्हणून राज्य थांबले नाही. नियम बदललात तर वाईट वर्षाचा भार आम्ही उचलू, असेही त्याने सांगितले. जो स्वतःच्या शिरावर काही घेऊन विरोध करतो, त्याचे म्हणणे समोरच्याला उडवून लावता येत नाही.

तरीही बदल एका दिवसात झाला नाही. जून २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे दिल्लीत पंतप्रधानांना भेटले, त्या भेटीतल्या मागण्यांमध्ये बीड पॅटर्न राज्यभर लागू करण्याची मागणी होती. राज्यभर तो लागू झाला २०२२ च्या खरिपात, सरकार बदलल्यानंतर. विरोध कागदावर होता, आकड्यांसह होता, म्हणून माणसे बदलली तरी तो टिकला. त्याने सगळे प्रश्न सुटले असे मात्र नाही. पहिल्याच वर्षी भरपाई फार कमी मिळाली, अशी तक्रार बीडच्या शेतकऱ्यांनी केली आणि ती रास्त होती. कंपनी आणि सरकार यांच्यात पैसा कसा वाटायचा, एवढेच हे सूत्र सांगते. नुकसान मोजायचे कसे, हा प्रश्न त्याच्या बाहेर राहिला.

एक राज्य केंद्रापुढे जे करू शकते, ते एका खोलीतल्या बैठकीत एका माणसाला करता येईल का? हे प्रकरण त्याबद्दल आहे.

आपल्याकडे बैठका कमी नाहीत. ग्रामपंचायतीची मासिक सभा असते, पंचायत समितीत आढावा बैठक असते. शाळेत शिक्षकांची सभा आणि शाळा व्यवस्थापन समिती, प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंची मासिक बैठक, पतसंस्थेचे संचालक मंडळ, साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा. विषय वाचला जातो, समोरच्या रांगेतून “मंजूर, मंजूर” असा आवाज येतो, पुढचा विषय वाचला जातो. प्रोसिडिंग बुकात ‘सर्वानुमते मंजूर’ अशी ओळ उमटते. मग माणसे बाहेर पडतात, टपरीवर चहा घेतात आणि तिथे खरी चर्चा होते. या ठेकेदाराला काम द्यायला नको होते. या तारखेला शिबिर लावले तर बाया येणारच नाहीत, सगळ्या कारखान्यावर गेलेल्या असतील. हे कर्ज बुडणार. टपरीवर हे सगळे बरोबर बोलले जाते, आणि त्याचा काही उपयोग होत नाही, कारण निर्णय घेऊन झालेला असतो.

माणसे खोलीत गप्प का बसतात? भित्री असतात म्हणून, हे उत्तर मला मान्य नाही. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. काही जणांना एका खोलीत बसवून एक रेघ दाखवायची आणि दुसऱ्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचे. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसणारे. पण खोलीतला एकच माणूस खरा, बाकी सगळे आधी शिकवून ठेवलेले. ते ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा वेळी खऱ्या माणसाने दर तीन वेळांपैकी साधारण एकदा सगळ्यांसारखे चुकीचे उत्तर दिले. चारपैकी तिघे निदान एकदा तरी वाहवले. तिथे ना साहेब होता, ना बदलीची भीती, ना गावकी-भावकी. समोर फक्त अनोळखी माणसे आणि एक रेघ होती.

या प्रयोगाचा पुढचा भाग बैठकीत बसणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. शिकवलेल्या माणसांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी खऱ्या माणसाच्या चुका झपाट्याने घटत. एवढेच नव्हे, तर त्या एकाने गर्दीपेक्षा वेगळे पण चुकीचेच उत्तर दिले, तरी खऱ्या माणसाला धीर येई आणि तो आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवी. म्हणजे पहिल्यांदा वेगळे बोलणारा बरोबरच असला पाहिजे, असे नाही. तो बोलला, की एकमताची भिंत फुटते आणि मागच्या खुर्चीवर बसलेल्या, ज्याला खरोखर माहिती आहे अशा माणसाला बोलायला जागा मिळते. “माझं चुकत असेल तर?” या शंकेपायी जे गप्प बसतात, त्यांनी याचा विचार करावा.

बीडसारख्या जिल्ह्यात गप्प बसण्याची आणखीही कारणे आहेत आणि ती खरी आहेत. अध्यक्ष हा नात्यातला असतो, किंवा ज्याच्या शब्दावर मुलाला नोकरी लागली असा असतो. साहेबांच्या हातात गोपनीय अहवाल असतो. कंत्राटी कर्मचाऱ्याचा करार दर काही महिन्यांनी नव्याने करायचा असतो. उद्या याच माणसाचे तोंड बाजारात, लग्नात, दहाव्याला पाहायचे असते. शहरातल्या मोठ्या कंपनीत वाद झाला तर नोकरी बदलता येते. केजमध्ये किंवा पाटोद्यात माणूस गाव बदलू शकत नाही. म्हणून “बिनधास्त बोला” असा सल्ला इथे कामाचा नाही. कसे बोलले तर ऐकले जाईल आणि बोलणाऱ्याचे नुकसान कमी होईल, हे शिकले पाहिजे.

मात्र गप्प बसणे सुरक्षित असते, हा समज आधी दूर व्हायला हवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७३ नुसार समितीने आपल्या मुदतीत घेतलेल्या सगळ्या निर्णयांना समितीचे सदस्य सामूहिकरीत्या आणि व्यक्तिशः जबाबदार असतात. कलम ८८ खाली चौकशी होऊन संस्थेच्या नुकसानीची रक्कम संबंधितांकडून वसूल करता येते. चौकशी अधिकारी येतो तेव्हा टपरीवर काय बोललात हे विचारत नाही, तो प्रोसिडिंग बुक उघडतो. तिथे ‘सर्वानुमते’ लिहिलेले असेल, तर मनातून विरोधात असलेला संचालक आणि मनापासून बाजूने असलेला संचालक यांच्यात कागदावर काहीच फरक उरत नाही. बीडने सहकारी पतव्यवस्थेची पडझड जवळून पाहिली आहे. जिल्हा मध्यवर्ती बँकेवर प्रशासक आला, साध्या ठेवीदारांनी स्वतःच्याच पैशासाठी वर्षानुवर्षे फेऱ्या मारल्या. पतसंस्था आणि मल्टिस्टेट बुडाल्या. यातल्या प्रत्येक संस्थेत कुठल्या तरी एका सभेत कुठले तरी एक कर्ज मंजूर झाले होते आणि त्या सभेत हात वर करणारी माणसे होती.

सरकारी नोकरालाही नियमाने आधार दिला आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मध्येच म्हटले आहे, की कर्मचाऱ्याने आपल्या उत्तम निर्णयबुद्धीने काम करावे, आणि वरिष्ठांच्या आदेशावरून तिच्याविरुद्ध वागायचे असेल तर शक्य तिथे तो आदेश लेखी घ्यावा. “साहेब, तेवढं फाइलवर लिहून द्या” हे वाक्य म्हणजे उद्धटपणा नव्हे. नियमाने सांगितलेली ती रीत आहे.

आता बोलायचे कसे. एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण बीड जिल्ह्यात कोणालाही ओळखीचे वाटेल. एका पतसंस्थेच्या संचालक मंडळापुढे जिनिंगसाठी मोठ्या कर्जाचा अर्ज आहे. अर्जदार अध्यक्षांच्या, म्हणजे अण्णांच्या, जवळचा आहे. एका संचालकाला, त्यांना आपण नाना म्हणू, हे कर्ज धोक्याचे वाटते. तीन प्रकारे ते बोलू शकतात.

पहिला प्रकार: “अण्णा, हे सगळं आधीच ठरवून आलाय तुम्ही. आम्हाला कशाला बोलावता?” हे कदाचित खरे असेल. पण हे बोलल्याबरोबर चर्चा कर्जावरून अण्णांच्या हेतूवर जाते. अण्णा चिडतात, बाकीचे अण्णांची समजूत घालायला लागतात आणि पाच मिनिटांत कर्ज मंजूर होते.

दुसरा प्रकार: “मला काही हे पटत नाही बुवा.” यात चुकीचे काहीच नाही, पण धरायलाही काही नाही. कोणी विचारते, “का नाही पटत?” नाना म्हणतात, “नाही पटत.” पुढचा विषय वाचला जातो.

तिसरा प्रकार: “अण्णा, जिनिंग चालावं असं माझंही मत आहे. कापूस आपल्याच भागातला आहे, पोरांना कामही मिळंल. माझी अडचण तारणाची आहे. जमिनीचं मूल्यांकन आपल्या पॅनेलवरच्या माणसानं केलेलं नाही आणि सातबारावर दुसऱ्या बँकेचा बोजा आहे. तो उतरल्याचा दाखला येईपर्यंत निम्मंच कर्ज देऊ, बाकीचं पुढच्या सभेत घेऊ. वाटल्यास मूल्यांकनाचं मी स्वतः बघतो. तरीही सभेला पूर्ण कर्ज द्यायचं असेल तर माझी हरकत नाही म्हणून समजू नका; माझा विरोध कारणासकट लिहून घ्या.”

या बोलण्यात काय काय आहे पाहा. उद्देशाशी सहमती आधी आली. हरकत एकाच मुद्द्यावर घेतली, आणि तो मुद्दा कागदावर तपासता येतो. पर्याय दिला, त्यातले कष्टाचे काम स्वतःकडे घेतले. आणि शेवटी, आवाज न चढवता, नोंद मागितली. अण्णांना माघार घ्यायची असेल तर त्यांची मान खाली जाणार नाही अशी वाट ठेवली. आपल्याकडे ही वाट ठेवणे फार गरजेचे असते. चारचौघांत हरलेला माणूस ती सभा विसरत नाही.

नाना जर सभेच्या आदल्या दिवशी एखाद्या दुसऱ्या संचालकाला भेटून सातबारा दाखवून आले असते, तर आणखी बरे. एकट्याचा विरोध आणि दोघांचा विरोध यांत किती अंतर असते, ते ॲशच्या प्रयोगात दिसलेच. यात कट नसतो. विषयपत्रिका सभेआधी पाठवतात ती याचसाठी, की माणसांनी वाचून, विचारून, एकमेकांशी बोलून यावे. ज्या विषयांना विषयपत्रिकेत जागाच मिळत नाही आणि जे ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून शेवटी, लोक उठायच्या बेतात असताना येतात, त्यांच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावे. पैशाचा आणि नेमणुकीचा विषय आयत्या वेळी आला, तर “हा पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या” एवढे एकच वाक्य पुरते. ते विरोधासारखे ऐकूही येत नाही.

हरकत घेऊनही संस्थेत राहणे आणि पर्याय लिहून देणे, याचे आपल्या इतिहासातले सर्वांत भक्कम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. सायमन आयोगाबरोबर काम करण्यासाठी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळाने एक समिती निवडली, तिचे ते सदस्य होते. मे १९२९ मध्ये समितीचा अहवाल तयार झाला. सहकाऱ्यांचे निष्कर्ष पटेनात, तेव्हा बाबासाहेबांनी त्या अहवालावर सही केली नाही आणि १७ मे १९२९ रोजी स्वतःचा स्वतंत्र अहवाल सादर केला. तो नुसता नकार नव्हता. मताधिकार कोणाला असावा, मतदारसंघ कसे असावेत, प्रांताचा कारभार कसा चालावा, याची पूर्ण मांडणी त्यात होती. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत असावे, हा आग्रह त्यांनी तिथे एकट्याने लिहून ठेवला. १९५० मध्ये तो भारताच्या संविधानाचा भाग झाला. समितीत त्या दिवशी बहुमत त्यांच्या बाजूने नव्हते. पण अल्पमतातले म्हणणे नीट लिहून ठेवले, तर ते पुढच्या पिढीच्या हाताला लागते.

लिहून ठेवलेला विरोध हरला तरी उपयोगी पडतो, याचे एक दुःखद उदाहरण अमेरिकेतले आहे. चॅलेंजर या अवकाशयानाचे उड्डाण २८ जानेवारी १९८६ ला होते. आदल्या संध्याकाळी दूरध्वनीवर झालेल्या बैठकीत, रॉकेटचे भाग बनवणाऱ्या कंपनीतल्या रॉजर बॉइसजोली आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी सांगितले, की एवढ्या थंडीत सांध्यातले रबरी कडे नीट बसणार नाही, उड्डाण थांबवा. कंपनीच्या व्यवस्थापकांनी मधेच चर्चा आपसात घेतली आणि शिफारस फिरवली. यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले, सातही अंतराळवीर गेले. बॉइसजोलींनी सहा महिने आधी, जुलै १९८५ मध्ये, हाच धोका पत्राने वरिष्ठांना कळवला होता. चौकशी आयोगापुढे ते पत्र आले. अपघाताचे कारण यंत्रात होते, तसे निर्णय घेण्याच्या पद्धतीतही होते, हे सिद्ध करायला ते कामी आले. पुढची उड्डाणे सुरक्षित करण्यात त्या कागदाचा वाटा आहे.

इथवर बोलणाऱ्याबद्दल लिहिले. माझ्या मते अर्ध्याहून जास्त जबाबदारी खुर्चीवर बसलेल्याची आहे. अध्यक्षाने सुरुवातीलाच “माझं मत असं असं आहे, तुम्हाला काय वाटतं?” असे विचारले, की उत्तर ठरून गेले. त्याने आपले मत शेवटी सांगावे आणि सगळ्यात नव्या, सगळ्यात कनिष्ठ माणसाला आधी विचारावे. “कोणाची हरकत?” असे सगळ्या खोलीला उद्देशून विचारले तर कोणी बोलत नाही. “यात काय चुकू शकतं, प्रत्येकानं एक एक सांगा” असे विचारले, तर बोलणे हे कामच होऊन जाते. काही ठिकाणी मुद्दाम एकाला विरोधकाची भूमिका देतात. शार्लन नेमेथ या संशोधिकेच्या प्रयोगांत दिसले, की नाटकी विरोधाने गटाचा विचार फारसा पुढे जात नाही. खरोखर वेगळे वाटणाऱ्या माणसाचा विरोधच बाकीच्यांना नव्याने विचार करायला लावतो. म्हणून विरोधक नेमण्यापेक्षा खोलीत आधीच बसलेला विरोधक हेरून त्याला बोलते करणे, हे अध्यक्षाचे कौशल्य.

आढावा बैठक घेणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या पथकांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. बैठकीत सगळे रकाने शंभर टक्के भरून येत असतील, कोणत्याच आशाताईला कोणतीच अडचण नसेल, तर ते यशाचे लक्षण नव्हे. कमी आकडा घेऊन आलेल्या ताईला सगळ्यांसमोर उभे करून झापले, की पुढच्या महिन्यापासून खरा आकडा त्या खोलीत येणे बंद होते.

खोलीत कोण बसले आहे, हाही प्रश्न आहेच. बीडमधून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, उचल घेतलेली असते आणि काम चुकले तर खाड्याचे पैसे कापले जातात. ऊसतोडीच्या दराची बोलणी साखर संघ आणि संघटना यांच्यात होतात. टोळीतली बाई त्या टेबलावर नसते. पाळी, बाळंतपण, खाडा, फडात न्हाणीघर नसणे हे विषय तिथे पोहोचायला त्यामुळे फार वर्षे लागली. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. एवढी मोठी गोष्ट त्याआधीच्या वर्षांत आरोग्याच्या आणि मजुरीच्या बैठकांमध्ये ऐरणीवर आली नाही. ज्यांना ती सांगता आली असती, त्या त्या बैठकांना बोलावल्याच गेल्या नव्हत्या.

एकमताच्या विरोधात मी नाही. गडचिरोलीतले मेंढा-लेखा हे गाव सर्वसहमतीनेच निर्णय घेते. पण तिथली रीत वेगळी आहे. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो, विषय पुन्हा पुढच्या सभेत येतो, अभ्यासगटात त्याची चर्चा होते, विरोध करणाऱ्याचे म्हणणे समजून घेतले जाते. वेळ लागतो. याच रीतीने चालून त्या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, देशात सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक आहे. तिथले एकमत विरोध ऐकून झाल्यावर येते. आपल्या बहुतेक सभांतले एकमत विरोध ऐकायच्या आधीच लिहिलेले असते.

बीडबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळता येणार नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे खंडणी मागण्याच्या प्रकरणात ते आडवे आले म्हणून हे झाले, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे. ज्या जिल्ह्यात हे घडले, तिथल्या माणसाला “सभेत निर्भयपणे बोला” असे पुस्तकातून सांगणे सोपे आहे आणि मी ते सांगणार नाही. गुंडगिरीपुढे उभे राहण्याचे ओझे एकट्या सदस्यावर, एकट्या ग्रामसेवकावर टाकता येत नाही. ते काम पोलिसांचे, प्रशासनाचे आणि न्यायालयाचे आहे. पण आपल्या बहुतेक बैठका अशा नसतात. त्यांत जिवाला धोका नसतो. संकोच असतो, सवय असते, कोणी वाईट दिसू नये म्हणून पाळलेले मौन असते. दोन्ही भीती एकच समजलो, तर जिथे सहज बोलता आले असते तिथेही आपण गप्प राहू.

आणि बोलायची जागा जवळजवळ प्रत्येक सभेत ठरलेली असते. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय बहुधा एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. बहुतेक ठिकाणी ते न वाचताच कायम होते. तुम्ही मागच्या सभेत हरकत घेतली असेल, तर ती कारणासकट लिहिली गेली आहे का, हे पाहण्याची हीच वेळ. लिहिली नसेल तर दुरुस्ती सुचवा आणि दुरुस्तीची नोंद मागा. सहकारी संस्थेच्या सभासदाला कलम ३२ नुसार सभांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क आहे. ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंगची प्रत २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कोणाही नागरिकाला मागता येते. येत्या महिन्यात ज्या सभेला जाल, तिथे पहिला विषय पुकारला की म्हणा: “वाचून दाखवा.”